पेटीचे वजन आणि बीजकावरची किंमत

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुके. पाऊस येथे भरपूर पडतो. पण भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्याने खालच्या ऊसपट्ट्यात जाते आणि पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहराला मिळते. पाण्यामागोमाग माणसेही गेली. भाताच्या तुकड्यावर वर्ष निघत नाही म्हणून येथील कित्येक पिढ्यांनी मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि बाजारपेठा गाठल्या. त्यांच्या कमाईतला वाटा मनिऑर्डरीने गावी येई. पाठविणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, रक्कम, सही वा अंगठा, सारे कागदावर असे. वर टपालखात्याचा आकार, जो पुढे वीस रुपयांमागे एक रुपया झाला. श्रमिकाचा पैसा देशातल्या देशात हलला तरी तो उजेडात हलला आणि त्याचा मोबदला भरून हलला.

त्याच बंदरातून दुसराही पैसा हलतो, तो मात्र अंधारात. हमालाला पेटीचे वजन खांद्यावर कळते. तिची किंमत बीजक लिहिणारा ठरवितो. शंभर डॉलरचा माल परदेशी पाठवून बीजकावर सत्तर लिहिले की तीस डॉलर परदेशातल्या खात्यात राहतात. सत्तरचा माल आणून शंभर लिहिले तरी तेच घडते. भांडवलाच्या पलायनाची ही सर्वांत रुळलेली वाट आहे. तिला ना बोगदा लागतो ना होडी. एक खोटा आकडा पुरतो.

या व्यवहाराचे खापर व्यापाऱ्यांच्या अनीतीवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. पण अनीती सर्वकाळ असते. पलायन मात्र काही काळात फुगते आणि काही काळात ओसरते. म्हणून कारणे अर्थव्यवस्थेतच शोधावी लागतात. एकाच वस्तूला किंवा चलनाला दोन किमती असल्या आणि त्यांतील फरक मूठभरांना खिशात घालता आला, की खोटे बीजक जन्माला येते. सोविएत संघ कोसळल्यावर रशियात याचे उघडेनागडे दर्शन घडले. १९९२ च्या आरंभी बहुतेक किमती मोकळ्या झाल्या. तेलाची देशी किंमत मात्र जागतिक किमतीच्या अल्पांशावर बांधलेली राहिली. ज्यांच्या हाती निर्यातीचे परवाने होते त्यांनी देशी भावाने घेतले, परदेशी भावाने विकले आणि फरक बाहेरच ठेवला. खाजगीकरणात मिळालेली मालमत्ता उद्या टिकेल याचा भरवसा मालकांनाही नव्हता; म्हणून नफा देशात गुंतविण्याऐवजी सायप्रस आणि स्वित्झर्लंडकडे गेला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रशियन सरकारने कर्जफेड थांबविली. त्याआधीची कित्येक वर्षे तेथील कामगार थकलेल्या पगाराची वाट पाहत होता.

भारताची कहाणी निराळी असली तरी सूत्र तेच. परवाना-नियंत्रणाच्या काळात रुपयाचा अधिकृत दर बाजारातल्या दराहून चढा होता आणि १९९० च्या सुमारास आयातकराचा कमाल दर ३०० टक्क्यांच्या वर पोहोचला होता. हवाला आणि खोटी बीजके यांना तेथे सुपीक जमीन मिळाली. समाजवाद्यांनी हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे: नियंत्रण कागदावर कडक आणि अंमलात विकाऊ असेल तर ते श्रमिकांचे नव्हे, दलालांचे राज्य असते. १९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने तारणासाठी परदेशी धाडावे लागले.

बंधने सैल केली की पलायन आपोआप थांबेल, असे तेव्हा सांगण्यात आले. रुपयाचे अवमूल्यन झाले, आयातकर उतरले, आणि २००० च्या जूनपासून जुन्या कायद्याच्या जागी ‘फेमा’ येऊन परकीय चलनाचा गुन्हा फौजदारीतून दिवाणी झाला. तरीही देव कार यांनी २०१० साली ग्लोबल फायनान्शियल इंटेग्रिटी या संस्थेसाठी केलेल्या अभ्यासात १९४८ ते २००८ या काळात २१३ अब्ज डॉलर बेकायदा बाहेर गेल्याचा अंदाज मांडला. त्यातील सुमारे ६८ टक्के १९९१ नंतरचे. हा अंदाज आहे, हिशेब नव्हे. दोन देशांची व्यापारी आकडेवारी जुळवून पाहण्याची ही रीत जगदीश भगवती यांनी १९६४ सालीच तुर्कस्तानच्या बाबतीत वापरली होती. वाहतूक, विमा आणि फेरनिर्यात यांमुळे तिच्यात चूक शिरते. शिवाय १९९१ नंतर एकूण व्यापारही पुष्कळ वाढला. तथापि मोकळीक दिल्याने रोग बरा झाला, असे या आकड्यांतून कोणालाही म्हणता येणार नाही. जकात चढी असताना आयातीची किंमत कमी लिहिण्यात लाभ होता. जकात उतरल्यावर ती फुगवून पैसा बाहेर काढणे स्वस्त झाले.

याचा भोर-वेल्ह्याशी संबंध काय, असे विचारले जाईल. २०१६ साली महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने इंडोनेशियाहून आयात होणाऱ्या कोळशाच्या किमती बीजकांवर फुगविल्या जातात, असा संशय व्यक्त करून सुमारे ४० कंपन्यांचे व्यवहार तपासास घेतले. संशय म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु यंत्रणा समजून घेतली पाहिजे. वीजदर खर्चावर ठरतो. आयात कोळशाची किंमत कागदावर वाढली की विजेचा खर्च वाढतो आणि तो ग्राहकाच्या देयकात ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीत उतरू शकतो. भाटघरच्या काठी राहून उन्हाळ्यात पाण्याला मोताद होणारी बाई ते देयक भरते. परदेशातल्या खात्यात पडलेला फरक तिच्या कनवटीचा असतो, आणि तिला त्याची पावतीही मिळत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. आयात-निर्यातीची बीजके समोरच्या देशाच्या जकातखात्याकडील नोंदींशी नियमाने ताडून पाहावीत. परदेशी मध्यस्थ कंपनीचा खरा मालक कोण, हे जाहीर झाल्याखेरीज आयातीचा खर्च वीजदरात धरू नये. राज्य वीज नियामक आयोग दरवाढीवर हरकती मागवितो आणि जनसुनावणी घेतो. तेथे उद्योगांचे प्रतिनिधी तयारीने येतात. तालुक्यांतील कार्यकर्ता क्वचित दिसतो. पुढील सुनावणीस भोर आणि वेल्ह्याच्या कार्यकर्त्यांनी गावोगावची देयके गोळा करून हजर राहावे आणि एकच प्रश्न लेखी नोंदवावा: या कोळशाची खरी किंमत किती होती आणि ती कोणी तपासली?