समाविष्ट गावांना आधी पाणी द्या

पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. ते प्रशासकांनीच मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. कारण नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. एवढा पैसा असलेल्या शहरात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ (गिलन बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, हे आम्हाला विसरता येत नाही. हातापायातली ताकद गेलेली माणसे, अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणारे नातेवाईक आणि दूषित पाण्याचा संशय. याच परिसरातील नांदेड या समाविष्ट गावातील विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता फक्त क्लोरिन मिसळून घरोघरी जात होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली, मिळकतकराची बिलेही पोहोचली. जलवाहिन्या मात्र मागे राहिल्या. हद्द वाढली त्या प्रमाणात महापालिकेचे मनुष्यबळही वाढले नाही. आरोग्य आणि अग्निशमन विभागांतील रिक्त पदे भरणे ही चैन नव्हे, ती जिवाची गरज आहे. पाण्यासाठी उड्डाणपुलांच्या निविदा थोड्या थांबल्या तरी चालतील. महापालिकेने या गावांच्या शुद्ध पाण्याचे वेळापत्रक तारखांसह जाहीर करावे आणि त्यासाठीचा निधी अन्यत्र वळवू नये.