जपानमध्ये रुपयाचा मोह

परदेशप्रवासाची तयारी म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि चकल्या-लाडवांचे डबे, असा आपल्याकडे समज आहे. कार्डाची आठवण मात्र विमानतळावर होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवी कार्डे देशांतर्गत वापरापुरतीच चालू करून दिली जातात. परदेशातील वापराची सोय ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावी लागते. हे काम घरूनच उरकावे.

याहून महाग पडणारी चूक वेगळीच. तोक्योतील दुकानात कार्ड दिले, की यंत्राच्या पडद्यावर कधी कधी प्रश्न उमटतो : रक्कम येनमध्ये की रुपयांत? परक्या मुलखात रुपया दिसताच प्रवाशाचा जीव भांड्यात पडतो आणि बोट तिकडे वळते. ते वळू देऊ नये. रुपयांचा तो दर आपली बँक ठरवत नाही. तेथील यंत्रसेवा पुरवणारी संस्था त्यात आपला नफा मिसळते. शिवाय काही बँका अशा व्यवहारावरही शुल्क आकारतात. येन निवडल्यास परकीय चलनाचे शुल्क पडते खरे, तरी एकूण हिशेब बहुधा स्वस्तच बसतो.

थोडी रोकड हवीच. लहान उपाहारगृहांत ती अजूनही लागते. बक्षिसी देण्याची प्रथा तेथे नाही, तेवढी बचत! मात्र ५०० येनचेही नाणे असते, तेव्हा चिल्लर म्हणून ते पिशवीच्या तळाशी टाकू नये. मायदेशी परकीय नाणी सहसा बदलून मिळत नाहीत. उरलेला खुर्दा नारिता विमानतळावरच चहा-बिस्किटांत संपवलेला बरा.