कपाटाची किल्ली न्यायालयाने दिली. कागद कोण राखणार?

१/ वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे गाव जागचे हलले नाही. त्याच्यावरचे सरकार मात्र बदलत राहिले. निजामाचा वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये इंग्रजी कारभाराखाली गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला.

२/ ही निव्वळ सनावळी नव्हे. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. पोहरादेवी याच तालुक्यात आहे. येथील बंजारा कुटुंबासाठी कोतवाल बुकातील एक जुनी ओळ म्हणजे मुलाचा प्रवेश किंवा नोकरी.

३/ अशी ओळ हक्काने मागता येते, हे फार जुने नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने अप्रकाशित सरकारी कागद खातेप्रमुखाच्या परवानगीशी बांधला; १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याने ती गाठ आवळली. कागद सरकारचा, रयतेचा नव्हे, हीच धारणा.

४/ ही धारणा न्यायालयांनी सैल केली. राज नारायण प्रकरणात (१९७५) न्या. मॅथ्यू यांनी सार्वजनिक कारभार जाणून घेण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. एस. पी. गुप्ता प्रकरणात (१९८१) न्यायाधीशांच्या नेमणुकीसंबंधीचा पत्रव्यवहारही खुला करावा लागला.

५/ महाराष्ट्रातील टप्पा पुण्याचा. पुणे छावणी मंडळाने बांधकाम परवानग्यांचे कागद दाखवण्यास नकार दिला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप उच्च न्यायालयात गेला आणि १९८६ मध्ये ते कागद पाहण्याचा हक्क मान्य झाला. माहिती अधिकार कायदा तेव्हा १९ वर्षे दूर होता.

६/ १२ ऑक्टोबर २००५ पासून तो कायदा पूर्णपणे लागू झाला. उत्तराची मुदत ३० दिवस. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, मोजके अपवाद सोडता, नाकारता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून मोठे कलम नाही. तरीही ‘अभिलेख आढळून येत नाही’ या एका वाक्यापुढे ते हतबल ठरते. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले की एवढे उत्तर पुरेसे नाही. शोध घ्यावा, जबाबदारी ठरवावी.

७/ परंतु न्यायालय कपाट उघडायला लावू शकते. वाळवीने खाल्लेले पान परत आणू शकत नाही. म्हणून खरा आग्रह निकालाआधीचा हवा. अभिलेख सूचीबद्ध ठेवणे ही त्याच कायद्याच्या कलम ४ ने घातलेली जबाबदारी आहे. प्रत्येक तालुका अभिलेख कक्षाने कोणत्या गावाचे, कोणत्या सालाचे, कोणते दफ्तर आपल्याकडे आहे याची यादी जाहीर करावी. जे नाही, तेही लिहावे. इतिहासप्रेमी तरुणांनी किल्ल्यांच्या तटांइतकीच आपल्या गावच्या बस्त्याचीही चौकशी करावी. तट ढासळला तर दिसतो. बस्ता गहाळ झाल्याचे मात्र गरज पडेल त्या दिवशीच कळते.