आधी विम्याचा कागद दाखवा, मग बोटीत घ्या!

खाडीकाठच्या समस्त प्रवाशांना, आणि हो, बोटमालकांनाही

रिक्षालासुद्धा विम्याशिवाय रस्त्यावर यायची मुभा नाही. मग देवबागच्या संगमावर पर्यटक नेणाऱ्या बोटीचा विमा विचारला, की मालकाच्या कपाळाला आठी का? २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने विमा सक्तीचा केला आहे. विचारणारा काही उपकार मागत नाही.

नुसता विमा असून भागत नाही. माणसं किती आणि हद्द कुठवर, हे कागदावर वाचा. खाडीपुरता परवाना असलेली बोट डॉल्फिन दाखवायला मुखाबाहेर गेली, की परवाना आणि विमा दोन्ही काठावरच राहतात. आणि नेमकं मुखावरच पाणी फसवं. उधाणाची ओहोटी खाडीतलं पाणी जोराने बाहेर ओढते, समोरून समुद्राची लाट येते, खाली वाळूचा दांडा. तिथे लाट उभी राहून फुटते. भरतीच्या वेळी त्याच जागी पाणी तळ्यासारखं असतं. तांडेलाला हे ठाऊक असतं. सुटीच्या दिवशी फेऱ्या मोजणाऱ्या मालकाला ते ऐकायचं नसतं.

७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला, नदीच्या मुखाजवळ, सहलीची बोट उलटून २२ जण गेले. मासेमारीची होडी बदलून केलेली दुमजली बोट, क्षमतेबाहेर माणसं, वेळ दिवेलागणीनंतरची. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या स्पीडबोटीने ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक दिली. धडकेचा दोष धडकणाऱ्याचा. पण ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीत शंभरावर माणसं कोणी चढवली?

मालक म्हणतात, हप्ता परवडत नाही. तिकीट वाढवा, आम्ही देऊ. पण जादा माणसं भरलीत, की विमा कंपनीला हात वर करायचं निमित्त तुम्हीच देता; मग भरपाईसाठी बोट विकायची पाळीही तुमच्यावरच. हे भांडण तुमच्याशी नाही असं आम्ही म्हणणार नाही. थोडं आहेच.

मेरीटाइम बोर्डाने प्रत्येक जेट्टीवर मराठीत फलक लावावा: बोटीचं नाव, प्रवासीसंख्या, हद्द, विम्याची मुदत, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा. खडू-फळा पुरे, निविदा काढत बसू नका.

तोवर, मंडळी, चढण्याआधी कागद मागा. माणसं मोजा. जास्त भरली तर उतरा, आणि तिकिटाचे पैसे परत घेतल्याशिवाय जेट्टी सोडू नका.