पन्नाशीची अट कशाला?

दिवसा वाळूजमध्ये नव्या गाड्यांचे पार्ट बनवतो, रात्री एका जुन्या सॅन स्टॉर्मखाली झोपून नट-बोल्ट सोडवतो. गोव्यात बनलेली, फायबर बॉडीची ही दोन सीटची स्पोर्ट्स कार 1998 ची. शेजारचे काका म्हणतात, ‘‘भंगारात दे की!’’

काकांचं सोडा, कायदा तरी काय वेगळं म्हणतो? 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षं झाल्याशिवाय गाडी ‘व्हिंटेज’ नाही. म्हणजे माझी 2048 मध्ये! हौसेनं विमान शिकणाऱ्याला किमान 40 तास उडवून, परीक्षा देऊन खासगी परवाना मिळतो. तिथं कसब बघतात. इथं नुसतं वय. पंधराव्या वर्षानंतर पर्यावरण कर, दर 5 वर्षांनी नोंदणीसाठी आरटीओच्या खेपा. एवढ्याला कंटाळून लोक गाड्या मोडीत काढतात, मग पन्नाशी गाठणार कोण?