तेल दाट की पातळ?

या सदरात आजवर आम्ही शिवणयंत्र, पाण्याचा पंप, गॅसची शेगडी अशा घरातील यंत्रांविषयी लिहीत आलो. ट्रकच्या इंजिनाविषयी लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता. तो या महिन्यात रामनगरच्या एका वाचक भगिनींनी आणला आहे. ज्या घरात ट्रक हाच पोटापाण्याचा धंदा आहे, तेथे ट्रकचे इंजिनही घरातलेच यंत्र होय, या त्यांच्या म्हणण्याशी आम्ही पूर्ण सहमत आहोत.

इंदूर-बडोद्याकडील वाचकांस रामनगर ठाऊक असण्याचा संभव थोडा. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले हे गाव. काळी नदीवर सुपे येथे धरण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, तेव्हा विस्थापित कुटुंबांना येथे वसविण्यात आले. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड आणि मग घाट उतरून मोले व फोंडा, असा हा गोव्याचा रस्ता आहे. शेतजमीन मागे राहिलेल्या माणसांच्या दारावरून रात्रंदिवस ट्रक जात असतील, तर त्यांच्यापैकी काहींनी ट्रकच घेतला यात नवल ते काय?

या भगिनींच्या यजमानांनी २०१८ सालचा एक दहाचाकी ट्रक जुना विकत घेतला आहे. कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षे चालायचे आहेत. हिशेब त्या स्वतः ठेवतात. तेल बदलण्याची वेळ आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "वहिनी, घाटात पातळ तेल म्हणजे नुसते पाणी. वीस-पन्नास घाला, प्रेशर बघा कसे चढते!" ट्रकच्या पुस्तिकेत मात्र १५डब्ल्यू-४० लिहिलेले. दुकानदाराने आणखी एक फिल्टर पुढे केला, कंपनीच्या फिल्टरच्या निम्म्याहून कमी किमतीचा. गेल्या पावसाळ्यात शेजारच्यांच्या ट्रकचे इंजिन अनमोडच्या चढावर जाम झाले आणि तो ट्रक शेवटी विकावा लागला, म्हणून आपणांस विचारते, असे त्या लिहितात.

प्रथम आकड्यांविषयी. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांची संस्था १९०५ साली स्थापन झाली व १९११ पासून तिने तेलाच्या दाटपणाला क्रमांक देण्यास आरंभ केला. तेच क्रमांक आज डब्यावर असतात. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा थंड तेलाचा दाटपणा सांगतो, नंतरचा तापलेल्या तेलाचा. १५डब्ल्यूची परीक्षा शून्याखाली २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची शून्याखाली १५ अंशांवर. रामनगरात असली थंडी कोणी पाहिलेली नाही. तेव्हा पहिल्या आकड्यावरून भांडण करण्याचे कारण नाही. दुसरा आकडा १०० अंश उष्णतेवरचा. तेथे ४० क्रमांकाचे तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावे लागते आणि ५० क्रमांकाचे १६.३ ते २१.९ या मर्यादेत.

आमच्या हवामानात खरा फरक पडतो तो पहाटे. काकवीची बरणी थंडीच्या सकाळी उपडी केली तर धार धरायला किती वेळ लागतो, हे गृहिणींना सांगावयास नको. १५डब्ल्यू-४० तेल १०० अंशांवर चौदा-पंधरा सेंटिस्टोक असते. तेच ४० अंशांवर सुमारे ११० भरते. २०डब्ल्यू-५० तेल त्याच ४० अंशांवर १६० किंवा अधिक. पहाटेच्या गारव्यात दोन्ही याहूनही पुष्कळ दाट. चेंबरमधून हे तेल वर चढून बेअरिंगांपर्यंत, आणि सर्वांत शेवटी टर्बोपर्यंत, पोचेतो जे काही क्षण जातात त्यांत धातूवर धातू घासतो. टर्बोचा दांडा भरात असताना मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. त्याला उपाशी ठेवणे परवडत नाही.

मग मिस्त्री म्हणतात ते प्रेशरचे काय? काटा चढतो, हे खरेच आहे. परंतु काटा तेलाला होणारा अडथळा दाखवितो. किती तेल पोचले हे तो दाखवीत नाही. बागेच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की आत जोर वाढतो, म्हणून झाडाला पाणी अधिक मिळते असे नाही.

तथापि मिस्त्रींना अडाणी ठरविण्यास आम्ही तयार नाही. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. त्या पिढीच्या गाड्यांवर ज्यांचे हात बसले, त्यांचा सारा संसार एकाच क्रमांकाच्या तेलावर चालला. 'चाळीस नंबर' हा त्यांचा शब्द. त्या तेलात थंडीचा आकडाच नव्हता. शिवाय ज्या इंजिनाच्या रिंगा व बेअरिंगे झिजली आहेत, त्यात दाट तेल घातले की धूर थोडा घटतो, आवाज दबतो, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. फक्त तो उपचार दुखणे झाकणारा आहे. आपल्या ट्रकचे इंजिन तेल खात नसेल, तापल्यावर मंद फेऱ्यांतही प्रेशर पुस्तिकेतल्या मर्यादेत राहत असेल, तर त्याला हे औषध देण्याचे कारण नाही. आणि तेल खात असेल तर आधी ते का खाते हे पाहावे.

आमचे उत्तर म्हणून स्पष्ट आहे: १५डब्ल्यू-४०.

पण डब्यावर दुसरी खूण आहे, तिच्याकडे मिस्त्रींचे व दुकानदाराचे दोघांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. डिझेल इंजिनाच्या तेलावर 'सी' या अक्षराने सुरू होणारा दर्जा लिहिलेला असतो. सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीके-४ हा २०१६ च्या अखेरचा. आपल्या पुस्तिकेत सीआय-४ प्लस लिहिल्याचे आपण कळविले आहे. त्याहून खालच्या दर्जाचे तेल, आकडा जुळला तरी, घेऊ नये. काजळी तेलात विखुरलेली ठेवण्याचे बळ या दर्जावर ठरते. ज्यांच्याकडे एप्रिल २०२० नंतरचे, भारत स्टेज सहाचे ट्रक आहेत त्यांनी तर याबाबत अधिक जपावे. त्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी जाळी असते. जुन्या धाटणीच्या तेलाची राख तीत साचून ती बुजते. अशा गाड्यांना कमी राखेचे तेलच लागते.

आता फिल्टर. १९२३ साली कॅलिफोर्नियात स्वीटलँड व ग्रीनहाल्घ या जोडीने मोटारीच्या तेलाचे गाळणे बनविले आणि 'प्युअर ऑईल लेटर' या शब्दांवरून त्याला प्युरोलेटर हे नाव दिले. आजच्या गाळण्याच्या पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेला विशेष कागद असतो आणि बेअरिंगांकडे जाणारे सर्व तेल त्यातून जाते. याखेरीज आत एक झडप असते, ती फार थोड्यांना ठाऊक असते. कागद तुंबला, किंवा गार तेल फार दाट झाले, की ही झडप उघडते आणि न गाळलेले तेल तसेच पुढे जाते. कारण तेल मुळीच न मिळण्यापेक्षा मळके तेल बरे. यावरून दोन गोष्टी लक्षात याव्यात. गरजेपेक्षा दाट तेल घालणारा मनुष्य रोज पहाटे आपलेच गाळणे निकामी करीत असतो. आणि स्वस्त फिल्टरमध्ये कागद थोडा, डिंक कच्चा व ही झडप भलत्याच दाबाला उघडणारी असली, तर बाहेरून रंग तोच दिसूनही आत गाळणे नावालाच उरते. सुटे आटे जुळतात म्हणून फिल्टर जुळला असे होत नाही. पुस्तिकेतला भाग क्रमांक मिळवून, पावती घेऊन, अधिकृत विक्रेत्याकडूनच तो घ्यावा. वाचणारे पैसे काही शे रुपयांचे आणि इंजिन बांधण्याचा खर्च लाखाच्या पुढचा, हा हिशेब आपण आमच्याहून चांगला मांडाल.

तेलातली पुष्कळशी घाण मुळात हवेच्या वाटेने येते, हेही येथे सांगून ठेवतो. आपल्या भागातील तांबडी धूळ पिस्टनाच्या रिंगांना कानसेसारखी लागते. हवेचे गाळणे फाटके असेल तर तेलाचे कितीही उत्तम असून उपयोग नाही.

बदलण्याची मुदत केवळ किलोमीटरांवर मोजू नये. मोल्याहून अनमोडला भरलेली गाडी खालच्या गिअरात चढते, तेव्हा मैल थोडे आणि इंजिनाचे तास फार होतात. पुस्तिकेत कष्टाच्या वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते, ती आपली. तेल काळे झाले म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात ते लवकरच काळे होते. पट्टीवर पातळी आपोआप वाढली व डिझेलचा वास आला, किंवा तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर मात्र गाडी त्याच दिवशी उभी करावी. घाट चढून आल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवून मगच बंद करावे, म्हणजे टर्बोतले तेल जळत नाही. निघालेले जुने तेल ओढ्यात ओतू नये, ते शेवटी काळीच्याच पाण्यात जाते. पुनर्प्रक्रिया करणाऱ्या परवानाधारकाला द्यावे.

शेजारच्यांच्या ट्रकविषयी आपण जे लिहिले त्यावरून, फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी रस्त्याभर तेल सांडत गेले होते आणि उघडल्यावर दोन रबरी रिंगा सापडल्या. इंजिन का जाम झाले, हे त्यातच आले. जुन्या फिल्टरची रिंग तापून इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहते, तिच्यावर नवा फिल्टर बसविला की तो उभ्या गाडीत गळत नाही, चढावर दाब वाढला की रिंग बाहेर फेकली जाते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे होते. यजमानांनी त्या वेळी स्वतः खाली वाकून पाहावे. जुना फिल्टर हातात घ्यावा, त्याची रिंग त्याच्यावर आहे का पाहावे. नसेल तर ती वर आहे. बसण्याची जागा फडक्याने पुसून, नव्या रिंगेला बोटाने तेल लावून, फिल्टर टेकल्यावर डब्यावर लिहिलेले असेल तितकेच, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळावे, पान्याने नव्हे. मग इंजिन सुरू करून, प्रेशर आल्यावर, खाली पुठ्ठा अंथरून पाच मिनिटे थांबावे. पुठ्ठा कोरडा राहिला तर गाडी रस्त्याला लावावी.