कपिलधारची वाट

बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे, धबधब्याच्या सान्निध्यात, वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी आहे. 'परमरहस्य' त्यांनी मराठीत, ओवीबद्ध रचले. तरीही 'संतसाहित्य' म्हणताच आम्हां अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे पंढरपूरच उभे राहते. कपिलधार आठवलेच, तर 'शेवटी भक्ती एकच' असे म्हणून आम्ही मोकळे होतो. या औदार्यामागे आम्हांस आळस दिसतो. देहावर इष्टलिंग धारण करणाऱ्याची उपासना आणि विठ्ठलाच्या ओढीने चालणाऱ्याची वारी यांत भेद आहे. तो उमजण्यासाठी षट्स्थलाची परिभाषा शिकावी लागते. दुसऱ्याला आपल्यासारखा ठरवून जवळ करणे सोपे. तो आपल्यासारखा नाही, हे जाणूनही त्याच्या पंक्तीला बसता यावे. साहित्याच्या अभ्यासाने एवढे तरी शिकवावे.